सही कोणाची? बाळंतपण, 'रिस्क' आणि बाईची संमती

रानजाई (धागाकर्ती)

परवा कपाट आवरताना धाकट्याच्या जन्माची फाइल हाती लागली. अकरा वर्षं झाली. सोनोग्राफीचे कागद, रक्ताचे रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड आणि सगळ्यात खाली संमतीपत्राची झेरॉक्स. सिझेरियनला आमची संमती आहे, धोक्यांची कल्पना आम्हाला दिली आहे, असा छापील मजकूर. खाली माझ्या सासऱ्यांची सही आणि वेळ, पहाटे ४.४०. माझी सही त्या कागदावर कुठेच नाही.

मी बँकेत नोकरी करते. त्या वर्षी शाखेत कर्जाचं टेबल माझ्याकडे होतं. माझ्या सहीवर लोकांची घरं उभी राहत होती. त्या पहाटे साडेतीनच्या आधी डॉक्टर म्हणाल्या की बाळाचे ठोके घसरताहेत, सिझर करावं लागेल. मी लगेच म्हणाले, करा. त्यांनी विचारलं, सही करायला घरचं कोण आहे? नवरा नोकरीच्या गावाहून निघाला होता, वाटेत होता. मी म्हणाले, मी करते, द्या कागद. सिस्टर अगदी मायेने म्हणाल्या, "ताई, तुमची नाही चालत."

सासरे घरून येईपर्यंत सव्वा तास गेला. ठोके घसरताहेत म्हणून घाई करायची होती आणि सहीसाठी सव्वा तास थांबायचंही होतं. या दोन्ही गोष्टी एकाच खोलीत घडत होत्या आणि मधल्या काळात कळा मी सोसत होते. मशीनवर आकडा दिसत होता. तो किती असायला हवा, किती खाली गेला की वाईट, हे मी दोनदा विचारलं. "तुम्ही नका टेन्शन घेऊ" एवढंच उत्तर मिळालं. बाहेर व्हरांड्यात मात्र दिराला, सासऱ्यांना, नवऱ्याला फोनवर, सगळ्यांना 'रिस्क' समजावून सांगितली जात होती. ज्या देहात ती रिस्क होती त्या देहाला सोडून.

बाळ ठणठणीत आहे, मीही आहे. म्हणून ही गोष्ट घरात कधी कोणाला गोष्ट वाटलीच नाही. माझी आई म्हणाली, "सुखरूप सुटलीस ना, मग झालं." बाळंतपण म्हणजे बाईचा दुसरा जन्म असं म्हणतात. त्या जन्माच्या दाखल्यावर मी नाही, याचं मला अकरा वर्षांनी रडू आलं.

मला सिझरविरुद्ध लिहायचं नाही. ते सिझर गरजेचं असेल, नसेल, मला आजही कळायला मार्ग नाही, कारण मला कारण सांगितलंच गेलं नाही. मला विचारायचंय ते वेगळं. गरोदर राहिल्यावर बाईच्या बाबतीत 'धोका' हा शब्द कोण वापरतं, कोणाशी बोलताना वापरतं, आणि तो उच्चारला की तिचं बोलणं का थांबतं? तुमचे अनुभव लिहा. डॉक्टर मंडळींनी तर जरूर लिहा.

---

अबोली

वाचून अंगावर काटा आला. पण माझी बाजू उलटी आहे, ती इथे यावी म्हणून लिहिते.

मला सिझर हवं होतं. मोठ्या बहिणीचं बाळंतपण मी डोळ्यांनी पाहिलं होतं. ती दोन दिवस अडली होती. तेव्हापासून मला त्या खोलीची भीती आहे. सातव्या महिन्यात डॉक्टरांना सांगितलं. त्या हसल्या नाहीत, पण सासूबाईंकडे बघून म्हणाल्या, "पहिलटकरणी असं म्हणतातच." घरी सासूबाईंनी ठरवून टाकलं की नॉर्मलच होणार, आमच्याकडे कोणाचं सिझर झालेलं नाही. एकोणीस तास कळा, मग कट, मग चिमटा लावून बाळ काढलं. टाके भरायला दोन महिने गेले, पुढे दीड वर्ष शिंकताना लघवी व्हायची. हे कोणी आधी सांगितलं नव्हतं. नॉर्मलला रिस्क नसतेच, असंच सगळे बोलत होते.

तेव्हा 'सिझर म्हणजे डॉक्टरांची लूट आणि नॉर्मल म्हणजे बाईचा विजय' ही मांडणी मला फार टोचते. त्यातही बाईला विचारलेलं नसतंच.

---

सुतारपक्षी

मी तो नवरा आहे ज्याने सही केली. बायको शुद्धीत होती, माझ्यापेक्षा शांत होती. माझे हात थरथरत होते, मजकूर वाचलाच नाही. कागद माझ्याकडे का आला हे तेव्हा डोक्यातही आलं नाही. आज हा धागा तिला वाचून दाखवला. ती म्हणाली, "मला वाटलं होतं तू म्हणशील, तिलाच विचारा."

एवढंच लिहायचं होतं.

---

वहिवाट

वकिली करते, त्यामुळे कायद्याचं लिहिते. 'तुमची नाही चालत' हे वाक्य साफ चूक आहे. अठरा वर्षांवरील, शुद्धीवर असलेल्या, निर्णय घेऊ शकणाऱ्या बाईच्या शस्त्रक्रियेला तिचीच संमती लागते. तिच्या जागी दुसऱ्या कोणाची चालत नाही.

यावर सर्वोच्च न्यायालयाचा १६ जानेवारी २००८ चा समीरा कोहली खटल्याचा निकाल आहे. दिल्लीतल्या चव्वेचाळीस वर्षांच्या अविवाहित बाई पाळीच्या त्रासासाठी गेल्या होत्या. दुर्बिणीतून तपासणी करायला त्यांनी संमती दिली. भूल दिलेली असताना डॉक्टरांना एंडोमेट्रिऑसिस (गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखं अस्तर बाहेर वाढण्याचा आजार) दिसलं. बाहेर बसलेल्या आईची सही आणली आणि गर्भाशय, बीजकोश सगळं काढून टाकलं. न्यायालयाने सांगितलं की रुग्ण सज्ञान आहे, काही वेळाने शुद्धीवर येणार आहे, जीवावर बेतलेलं नाही, अशा वेळी आईच्या संमतीला अर्थ नाही. भरपाई मिळाली पंचवीस हजार रुपये. डॉक्टरांची फीही नाकारली गेली.

मग दवाखाने नवऱ्याची सही का मागतात? मेडिकल कौन्सिलची २००२ ची नियमावली वाचा. शस्त्रक्रियेआधी लेखी संमती घ्यावी, ती "नवरा किंवा बायको, अठराखालच्या मुलाच्या बाबतीत आईवडील वा पालक, किंवा स्वतः रुग्ण, जे लागू असेल ते" यांची, अशा अर्थाचं वाक्य त्यात आहे. क्रम बघा. रुग्ण शेवटी. त्याच कलमात पुढे असंही आहे की ज्या ऑपरेशनने मूल होणं बंद होईल त्याला नवराबायको दोघांची संमती हवी. आणि कुटुंब नियोजनाची सरकारची स्वतःची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की नसबंदीला जोडीदाराच्या संमतीची गरज नाही. दवाखान्याला त्यातलं सोयीचं तेवढं लक्षात राहतं.

गर्भपाताचंही तेच. १९७१ च्या कायद्यात सज्ञान बाईची एकटीची संमती पुरते. पन्नास वर्षं उलटून गेली, तरी किती ठिकाणी नवऱ्याला घेऊन या म्हणतात हे इथल्या बायका सांगतीलच.

---

निर्गुंडी

स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, बावीस वर्षं स्वतःचं छोटं नर्सिंग होम चालवते. रानजाई, तुमच्या बाबतीत घडलं त्याचं समर्थन करता येणार नाही. बाळाचे ठोके खरंच धोक्याच्या पातळीवर असतील तर अर्ध्या तासात बाळ बाहेर असायला हवं. आणि थांबण्याइतका वेळ होता, तर तुमच्याशी बोलायलाही वेळ होता. नऊ महिन्यांच्या बाळाचे ठोके मिनिटाला साधारण ११० ते १६० असतात. कळ आली की थोडे उतरतात, पुन्हा चढतात. ते चढत नसतील तर काळजी. हे सांगायला वीस सेकंद लागतात.

तरीही आमच्या बाजूचं थोडं ऐका.

दिवस भरलेल्या गर्भाशयातून मिनिटाला पाचशे ते सातशे मिली रक्त वाहतं. वार (प्लॅसेंटा) पडल्यावर पिशवी आकसली नाही तर हे रक्त बाहेर येतं. दहा मिनिटांत बाई हातची जाते. मी हे पाहिलंय. २०२२ मध्ये राजस्थानातल्या दौसा इथे अशाच रक्तस्रावाने एक बाळंतीण गेली, जमावाने आंदोलन केलं, डॉक्टर बाईंवर खुनाचा गुन्हा दाखल झाला, आणि त्यांनी दुसऱ्या दिवशी गळफास घेतला. ती बातमी वाचून माझ्या ओळखीतल्या दोघींनी बाळंतपणं घेणं थांबवलं. डॉक्टर नवऱ्याची सही मागतात तेव्हा त्यांना संमती हवी असते असं नाही. उद्या काचा फोडायला जो येऊ शकतो त्याला आधीच कागदात बांधून ठेवायचं असतं. बाई काचा फोडायला येणार नसते, म्हणून तिची सही 'चालत नाही'. हे लिहिताना मला लाज वाटते, पण खरं कारण हेच आहे.

दुसरं, सिझरच्या आकड्यांबद्दल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ मध्ये, देशात सरकारी दवाखान्यांत १४.३ टक्के बाळंतपणं सिझरने झाली आणि खासगीत ४७.४ टक्के. पैसा हे कारण आहेच, नाही म्हणणार नाही. पण माझ्यासारखीच्या दवाखान्यात रात्री एकच डॉक्टर असते, ती म्हणजे मी. कळा चौदा तास चालू शकतात. त्या चौदा तासांत बाईजवळ बसेल, ठोके ऐकेल, नेमकं कधी हाक मारायची हे जिला कळेल अशी शिकलेली प्रसूतीतज्ज्ञ परिचारिका आपल्याकडे जवळपास तयारच केली गेली नाही. सुईणीला आपण अडाणी म्हणून बाजूला केलं आणि तिच्या जागी कोणाला बसवलंच नाही. केंद्र सरकारने २०१८ मध्ये मिडवाइफ तयार करण्याची मार्गदर्शक तत्त्वं काढली, माझ्या तालुक्यात अजून एकही आलेली नाही. मग थकलेली डॉक्टर, भेदरलेले नातेवाईक, आणि संध्याकाळी सातला घेतलेला 'रिस्क नको' हा निर्णय. त्यात खोटेपणा नसतोही कधी कधी, थकवा असतो.

आणि मुहूर्त. 'अमुक वाजून तमुक मिनिटांनी घ्या' अशी चिठ्ठी घेऊन येणारे आजही आहेत. ती चिठ्ठी गरोदर बाईने आणलेली मी एकदाही पाहिली नाही.

---

रानजाई (धागाकर्ती)

निर्गुंडी, इतकं उघडपणे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. 'बाई काचा फोडायला येणार नसते' हे वाचून मी बराच वेळ नुसती बसून होते.

तुमची भीती मला समजते. पण त्या भीतीची किंमत कोण मोजतंय? डॉक्टरला जमावाचा धोका, जमावाला बाईच्या जीवाचा धोका, आणि दोघांनी मिळून तिला बोलण्यातून बाहेर काढायचं. तुमचं संरक्षण व्हायलाच हवं, पोलिसांनी करावं, कायद्याने करावं. तिच्या सहीच्या बदल्यात नको.

अबोली, तुमचं म्हणणं पूर्ण मान्य. धागा लिहिताना माझ्याकडून ही बाजू निसटली होती. टाके, लघवीवरचा ताबा, अंग बाहेर येणं, हे सगळे धोकेच आहेत. पण ते फक्त बाईला होतात, बाळाला होत नाहीत, म्हणून ते धोक्यांच्या यादीतच येत नाहीत.

---

बालाघाट

मी बीड जिल्ह्यातली. गावात आरोग्याचं काम करते. तुमची चर्चा शहरातली आहे, आमच्याकडचं थोडं सांगते.

आमच्याकडं ऊसतोडीला जोडीनं जातात. नवराबायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असती. एक दिवस खाडा झाला तर पैसे कापले जातात. पाळी आली, दिवस गेले, ताप आला, तरी मोळी उचलावीच लागती. आठवा महिना लागलेल्या बाया डोक्यावर मोळी घेऊन ट्रकच्या फळीवर चढताना मी बघितल्यात. फडात बाळंत झालेल्या आहेत. त्यांना कोण रिस्क सांगतं? तिथं कोणी डॉक्टरच नसतो.

आणि गावात आल्यावर डॉक्टर भेटतो तो पिशवी काढायला सांगतो. अंगावरून पांढरं जातंय, पोट दुखतंय, म्हणून बाई गेली की 'कॅन्सर होईल, पिशवी काढून टाका'. पस्तिशीच्या आत, कधी पंचविशीत. २०१९ ला खूप बोभाटा झाला, सरकारनं समिती नेमली. बीड जिल्ह्यात ८२ हजारांवर ऊसतोड बायांची पाहणी झाली, त्यात १३ हजारांवर बायांची पिशवी काढलेली निघाली. तिथं संमती सगळ्यांचीच होती बरं का. बाईची सही, अंगठा, सगळं. घाबरवून घेतलेली सही. मुकादमालाही बरं, पाळीचा खाडा नाही. म्हणून मला वाटतं, नुसती बाईची सही मिळाली म्हणजे झालं असं नाही. सहीच्या आधी काय सांगितलं, ते खरं सांगितलं का, आणि नाही म्हणायची तिची ऐपत होती का, हे बघायला पाहिजे.

आमच्याकडं 'ऑपरेशन' म्हटलं की कोणालाही विचारावं लागत नाही कशाचं. दुसरं लेकरू झालं की बाईचं ऑपरेशन. बाप्याचं कोणी करत नाही. कमजोरी येती म्हणतात.

---

वहिवाट

बालाघाट, तुम्ही नेमकी नस पकडलीत. त्या शेवटच्या वाक्यावर आकडा देते. निर्गुंडींनी सांगितलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणातच देशात विवाहित बायकांपैकी ३७.९ टक्के स्त्री-नसबंदीवर होत्या, पुरुष नसबंदी ०.३ टक्के. पुरुषाची शस्त्रक्रिया दहा-पंधरा मिनिटांची, पोट उघडावं लागत नाही. वैद्यकीय जोखीम कमी कोणाची हे स्पष्ट आहे, आणि तरी शस्त्रक्रिया बाईच्याच वाट्याला येते. म्हणजे 'कमीत कमी धोका' हा निकष कुटुंबात कधी लावलाच जात नाही.

आणि 'सहीच्या आधी काय सांगितलं' यावर. समीरा कोहली निकालात न्यायालय इथे जरा मागे राहिलं. रुग्णाला किती सांगायचं? अमेरिकेतली कसोटी अशी की समंजस रुग्णाला जे जाणून घ्यावंसं वाटेल ते सगळं. आपल्या न्यायालयाने ती घेतली नाही. भारतातली परिस्थिती पाहता जबाबदार डॉक्टर मंडळी जेवढं सांगणं योग्य मानतात तेवढं पुरे, अशी जुनी ब्रिटिश कसोटी पत्करली. पुढे ब्रिटननेच ती टाकून दिली. २०१५ चा माँटगोमेरी खटला. मधुमेह असलेली, अंगाने लहानखुरी बाई, बाळ मोठं. अशा आईच्या बाळंतपणात खांदा अडकण्याची शक्यता नऊ-दहा टक्के होती. डॉक्टरने ते सांगितलं नाही, कारण सांगितलं तर बाई सिझर मागतील आणि सिझर बायकांच्या हिताचं नाही, असं तिचं मत. खांदा अडकला, बाळाला मेंदूची इजा झाली. न्यायालय म्हणालं, धोका पत्करायचा की नाही हे त्या बाईने ठरवायचं होतं. अबोलींची गोष्ट वाचताना मला हाच खटला आठवत होता.

---

शिफ्टड्युटी

नर्स आहे, सरकारी रुग्णालयात, लेबर रूमला नऊ वर्षं. धागा वाचून दोन दिवस लिहू की नको चाललं होतं.

रात्रपाळीला आम्ही दोघी आणि बायका सात-आठ. एका टेबलावर एक, खाली गादीवर एक. "तेव्हा नाही ओरडलीस, आता कशाला ओरडतेस" हे वाक्य मी ऐकलंय, आणि नोकरीच्या पहिल्या वर्षी मी स्वतःही बोललेय. सिनियरकडून शिकले होते. एकदा एक मुलगी, एकोणिसाची असेल, माझा हात धरून म्हणाली, "ताई, ओरडू नका, मी नाही ओरडत." त्या दिवसापासून बोलले नाही.

बाळ खाली येत नसलं की पोटावर दाब द्यायचा, प्रत्येक पहिलटकरणीला कट द्यायचा, उताणंच झोपवून ठेवायचं, हे सगळं आम्ही 'रिस्क नको' म्हणूनच करत होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या शिफारशींत पोटावर दाब देऊ नका, सरसकट कट देऊ नका, बाईला हवी ती सोबतीण आत असू द्या, असं लिहिलंय. ताशी एक सेंटिमीटर गर्भाशयाचं तोंड उघडलंच पाहिजे ही घाईसुद्धा नको म्हणतात. लेबर रूम सुधारण्याचा सरकारी 'लक्ष्य' कार्यक्रम आला तेव्हा आमच्याकडे पडदे लागले, सोबतीला एक बाई आत घ्यायला लागलो. खरं सांगते, आई किंवा नणंद जवळ असली की कळा नीट सोसल्या जातात आणि आमची भाषाही सुधारते, कारण कोणीतरी बघत असतं.

पण सात बायकांना दोघी असू तर मान राखायचा तरी किती जणींचा, हेही विचारा कोणीतरी. आमच्याकडे नंदुरबारला असताना माहेरघर होतं, दुर्गम पाड्यावरच्या बायकांनी तारखेच्या आधी येऊन राहायचं. यायच्या नाहीत. कागदावर आम्ही लिहायचो 'समजावूनही नकार'. एकीला विचारलं तर म्हणाली, "घरी दोन लेकरं आणि शेळ्या, तुम्ही सांभाळता का?" तिचं गणित चुकीचं नव्हतं. तिच्या धोक्यात शेळ्याही होत्या.

---

बेळगावची लेक

मी गेली पंधरा वर्षं आयर्लंडमध्ये आहे. २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये आमच्याच गावची सविता हलप्पनवार गॉलवेत गेली. बेळगावची मुलगी, दंतवैद्य, एकतीस वर्षांची, सतरा आठवड्यांची गरोदर. पाणी गेलं होतं, गर्भ वाचणार नाही हे डॉक्टरांना माहीत होतं. तिने गर्भपात मागितला. पण गर्भाचे ठोके चालू होते आणि १९८३ पासून तिथल्या घटनेत गर्भाचा आणि आईचा जगण्याचा हक्क समसमान लिहिलेला होता. आईच्या 'जीवाला' धोका असेल तरच परवानगी, 'प्रकृतीला' धोका असेल तर नाही. म्हणून तो धोका पुरेसा मोठा होण्याची वाट पाहिली गेली. तो झाला तेव्हा जंतुसंसर्ग रक्तात भिनला होता. २८ ऑक्टोबरला ती गेली.

इथे ज्या बायका तिच्यासाठी रस्त्यावर उतरल्या त्यांच्यापैकी बहुतेकींनी बेळगावचं नावही ऐकलेलं नव्हतं. मे २०१८ मध्ये सार्वमत झालं, ६६ टक्क्यांहून जास्त लोकांनी ती घटनादुरुस्ती रद्द करायला कौल दिला. मतदानाच्या दिवशी डब्लिनच्या एका भिंतीवर तिचं चित्र होतं आणि त्यावर लोक चिठ्ठ्या चिकटवत होते. मीही मराठीत एक लावली.

धोका किती झाला म्हणजे 'पुरेसा' झाला, हे वैद्यकशास्त्र ठरवत नाही एकटं. तिथे ते संविधानाने ठरवलं होतं.

---

वहिवाट

आणि इथे न्यायालयात ठरतं. आपला कायदा आयर्लंडच्या तेव्हाच्या कायद्यापेक्षा पुष्कळ बरा आहे, शारीरिक आणि मानसिक आरोग्याचा धोका त्यात धरलेला आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत, चोवीसपर्यंत काही गटांतल्या बायकांसाठी दोघांचं. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने या गटांत अविवाहित बायकाही येतात असं सांगितलं. पण कायद्यात 'मला नको आहे' हे कारण नाही. कोणीतरी डॉक्टरने धोका लिहून द्यावा लागतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये दोन मुलांची आई, बाळंतपणानंतरच्या मानसिक आजारावर औषधं घेणारी, अंगावर पाजत असल्याने पाळी नव्हती म्हणून दिवस गेलेले उशिरा कळलेली, साधारण सव्वीसाव्या आठवड्यात न्यायालयात गेली. आधी परवानगी, मग फेरविचार, दोन न्यायमूर्तींत मतभेद, मग मोठं खंडपीठ, आणि शेवटी नकार. तिच्या जीवाला तातडीचा धोका नाही म्हणून. त्या काही दिवसांत तिच्या मनाचं काय झालं असेल?

---

चाफेकळी

नमस्कार. इतके दिवस वाचतच होते. मला आठवा महिना चालू आहे, दुसरं बाळंतपण, पहिलं सिझर. डॉक्टर म्हणाले, "आता सिझरच. पिशवी फाटू शकते." मी घाबरून मान हलवली. घरी आल्यावर वाटलं, किती शक्यता? गुरुवारी तपासणी आहे. काय विचारू आणि कसं? नवरा म्हणतो डॉक्टरांना राग येईल.

---

निर्गुंडी

चाफेकळी, राग येणार नाही, आणि आलाच तर तेही तुम्हाला आत्ताच कळलेलं बरं.

तुमच्या पहिल्या सिझरचं डिस्चार्ज कार्ड घेऊन जा. पिशवीवरचा छेद आडवा होता का, सिझर का करावं लागलं, मध्ये किती काळ गेला, हे तीन मुद्दे महत्त्वाचे. एकच आडवा छेद असेल आणि कळा आपसूक आल्या तर पिशवीची शिवण उसवण्याची शक्यता साधारण दोनशेत एक. असा प्रयत्न करणाऱ्या चौघींपैकी जवळजवळ तिघींची नैसर्गिक प्रसूती होते. पण ती दोनशेतली एक वेळ आली तर काही मिनिटांत ऑपरेशन थिएटर, भूलतज्ज्ञ आणि रक्त लागतं. तुमच्या दवाखान्यात हे रात्रीसुद्धा आहे का, ते विचारा. नसेल तर तुमच्या डॉक्टरांचं 'सिझरच' हे त्या जागेपुरतं बरोबर असू शकतं, आणि तुम्हाला दुसरी जागा शोधायचा हक्क आहे. पुन्हा सिझर केलं तर पुढच्या खेपेला वार जुन्या शिवणीवर चिकटून बसण्याचा धोका वाढत जातो, हेही दुसऱ्या पारड्यात टाका. पुढे मूल नको असेल तर त्याचं वजन कमी.

दोन्हीपैकी काहीही निवडलंत तरी त्यात तुमची चूक नसेल.

---

शिफ्टड्युटी

आणि नवऱ्याला बरोबर न्या, पण प्रश्न तुम्ही विचारा. कागदावर लिहून न्या, आत गेलं की विसरायला होतं.

---

चाफेकळी

गुरुवारी जाऊन आले. डॉक्टर आधी जरा चपापले, मग खुर्ची पुढे ओढून नीट बोलले. पहिला छेद आडवाच होता. रात्री भूलतज्ज्ञ त्यांच्याकडे नसतो, गावातून बोलवावा लागतो, पाऊण तास धरा म्हणाले. रक्तपेढी बावीस किलोमीटरवर. हे त्यांनी स्वतःहून आधी का सांगितलं नाही असं विचारलं तर म्हणाले, "कोणी विचारत नाही."

दोन रात्री विचार केला. पाऊण तास ऐकल्यावर मी सिझर ठरवलं. नवऱ्याने 'तुला पटतंय ना' एवढंच विचारलं. काल फॉर्म आधीच मागून घेतला. त्यावर दोन रेघा होत्या, वरती 'पती / नातेवाईक', खाली 'रुग्ण'. मी खालच्या रेघेवर सही केली. वरची जागा रिकामी ठेवली तर चालेल का असं विचारलं. रिसेप्शनवरच्या मुलीने आत जाऊन विचारलं आणि येऊन सांगितलं, तिथे साक्षीदार म्हणून कोणीही चालेल. आईने केली.

---

रानजाई (धागाकर्ती)

चाफेकळी, हातीपायी सुखरूप सुटका होवो. डिस्चार्जच्या दिवशी कार्डावर सिझरचं कारण सविस्तर लिहून घ्या, आणि सगळ्या केस पेपरची प्रत लेखी अर्ज करून मागा. २००२ च्या त्याच नियमावलीत ती ७२ तासांत द्यायची असं आहे. माझ्या फाइलमध्ये कारणाच्या जागी तीन अक्षरं आहेत, ती मला अजून लागलेली नाहीत. निर्गुंडी, फोटो व्यक्तिगत निरोपातून पाठवते, जमलं तर वाचून सांगाल का?